चौथ्या विहिरीचा नमुना

चार गावांच्या चार विहिरी, आणि चारींत क्लोराइड बासष्ट. महानंदाने ब्युरेटची तोटी बंद केली, पिवळ्याचं विटकरी झालेलं पाणी खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं आणि वहीत आकडा लिहिण्याआधी पेन खाली ठेवलं. दोन विहिरींचं पाणी कधीकधी जुळतं. तीन जुळली तर माणूस आपलाच हात तपासतो. चार जुळली म्हणजे विहिरी चार नव्हत्याच.

लातूर नवा जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं, पण प्रयोगशाळेच्या कपाटावर अजून ‘उस्मानाबाद’ असंच रंगवलेलं होतं. लातुरातलं एक भाड्याचं घर, त्यातला स्वयंपाकाचा ओटा म्हणजे कामाचं टेबल. पाऊस तिसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. जिल्ह्याचं पाणी तपासणाऱ्या या घरात नळाला दिवसाआड तासभर पाणी यायचं, आणि काचेची भांडी एका तांब्यात धुवावी लागायची.

“महानंदाबा...” आतून साहेबांनी हाक मारली.

“ओ,” ती म्हणाली. हाक अजून पुरती झाली नव्हती.

ही तिची जुनी सवय. झोपेत असो, न्हाणीत असो, नाव निघालं की ओ जायची. शिपाई केरबा म्हणायचा, म्याडमला हाक मारायचं कामच न्हाई, आपण नुसता श्वास घेतला तरी पुरं होतंय. सगळे हसत, तीही हसायची.

मडिवाळप्पा साहेबांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तिने वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

“एकाच जिल्ह्यातल्या विहिरी आहेत, बाई. जुळल्या.”

“चारी जुळत नाहीत, साहेब. माळेवाडीची विहीर काळ्या दगडातली आहे, दुसरी ओढ्याकाठी आहे. यातली एकच खरी असेल, किंवा एकही नसेल.”

साहेबांनी पुन्हा वहीकडे पाहिलं. मग खिडकीतून मागच्या अंगणात बाटल्या विसळत बसलेल्या केरबाकडे. नमुने तोच आणायचा.

“हे पाहा,” ते म्हणाले, “सोमवारपासून माळेवाडीच्या त्या चौथ्या विहिरीवर टँकर भरायचे आहेत. तीन गावं ते पाणी पिणार. तहसीलला कागद पाहिजे. उद्या दिवसभर जीप मोकळी आहे, परवा ती दौऱ्याला जाते. तुम्ही स्वतः जा, स्वतःच्या हाताने नमुने घ्या. नाही जमलं तर मी या चारांवरच सही करतो. मग ते पाणी कसं निघेल ते निघेल.”

“जाते,” ती म्हणाली.

वर्षभर नोकरी झाली होती, पण एकाही विहिरीवर ती गेली नव्हती. कधी जंतू वाढवायच्या उबवणपेटीजवळ थांबायला हवं, कधी मोजमाप अर्धं राहिलंय, अशी कारणं होती आणि ती खोटीही नव्हती. टेबलावरचं तिचं काम इतकं चोख होतं की कुणी खोदून विचारलं नाही.

ती अंगणात गेली. “केरबा, पाणी कुठून भरलंत?”

केरबाने मान वर केली नाही. “भुईतून.”

“कुठल्या भुईतून?”

“आमच्या गल्लीत हापसा हाय.” त्याने बाटली उलटी करून दगडावर ठेवली. “म्याडम, सगळं एकाच भुईच्या पोटातलं पाणी न्हाई का? गुडघे गेलेत माझे. यष्टी फाट्यावर सोडती, तिथून दोन कोस उनात चालायचं. आन तिथं जाऊन काय, तर विहिरीत दोरी सोडायची. तुमी सांगता, काठाला बाटली लागू देऊ नका, असं धरा, तसं धरा. तुमी कवा काठावर आलात का? मला वाटलं, म्याडमलाबी म्हाईत हाय, हे नुसतं कागदाचं काम हाय.”

तो टोमणा मारत नव्हता. खरंच तसं वाटलं म्हणून सांगत होता. महानंदाला राग आला नाही. राग यायला हवा होता, पण जे काम त्याने टाळलं तेच तिनेही टाळलं होतं. फक्त तिच्याजवळ कारणं चांगली होती.

“उद्या सकाळी सहाला जीप आहे,” ती म्हणाली. “चार विहिरी. मी पण येते.”

“हाव,” केरबा म्हणाला, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

तिने पाच बाटल्या निवडल्या. चार लागणार, एक जास्तीची. प्रत्येकीच्या बुचावर खाकी कागद बांधला आणि वाफेच्या भांड्यात निर्जंतुक करायला लावल्या. गाठी मारताना तिचे हात स्थिर होते. हातांचा कधीच प्रश्न नव्हता.

*

घरी तिची आई, तिची अव्वा, शरणम्मा दिवेलागणीची पूजा करत होती. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन, त्यावर डोळे लावून ती बसलेली. महानंदाच्या गळ्यातही लिंग होतं. लिंगायत रीतीने जन्मल्याबरोबर बांधलेलं. ते तिने कधी काढलं नाही आणि त्याच्याकडे कधी पाहिलंही नाही. अव्वाने याबद्दल कधी विचारलं नव्हतं. दोघी दीड खोलीत राहत होत्या आणि एकमेकींना पुष्कळ गोष्टी विचारत नव्हत्या.

नायगावजवळच्या त्यांच्या खेड्यात अप्पांचं, म्हणजे शंकरप्पांचं, किराणा दुकान होतं. दुकानामागे घर, घरामागे परसात आड. अरुंद, दगडाने बांधलेला, माणूस हात पसरून उभा राहिला तर दोन्ही भिंतींना बोटं टेकतील एवढाच. बहात्तरच्या दुष्काळात, होळीनंतर, आडाचं पाणी इतकं खाली गेलं की बादली नुसती चिखलावर आपटायची. तळाशी एका कोपऱ्यात झरा होता. वाटीने पाणी उपसून कुणीतरी बादली भरून द्यावी लागे. मोठं माणूस उतरलं तर झऱ्यावर उभं राहणार, पाणी गढूळ होणार. महानंदा नऊ वर्षांची होती आणि अंगाने काडी होती.

अप्पा स्वतः तिच्या काखेखालून दोर घेत. त्यांची गाठ पक्की असायची, दिवसभर पुड्या बांधणाऱ्या हाताची गाठ. त्यांनी तिला कधी मारलं नाही, कधी आवाज चढवून बोलले नाहीत. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा ते तिला आडात सोडत. वरून नाव घेत, तिने लगेच ओ द्यायची. ओ यायला उशीर झाला की दोराला हिसका बसे आणि दोर काखेत काचे. शेजारपाजारचे त्या पाण्यातून कळशी कळशी नेत आणि म्हणत, शंकरप्पाची लेक गुणाची हाय. मृगापर्यंत असं चाललं. पुढच्या उन्हाळ्यातही काही दिवस.

उतरण्याआधी मात्र अप्पा घरात आवाज देत आणि अव्वा बाहेर येई. ती महानंदाच्या गळ्यातून लिंग काढून घेई. लिंग आडात पडलं तर सापडायचं नाही, मठाच्या स्वामींना काय तोंड दाखवायचं, असं अप्पा म्हणत. त्याच घरात, त्याच माणसांनी तिला शिकवलं होतं की लिंगाशिवायचा देह म्हणजे मढं. नऊ वर्षांच्या मुलीने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. हिशेब चुकत नव्हता.

आणि एक दुपार होती. अप्पांनी तिला सोडलं, दोर खांबाला गुंडाळला आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून गेले. तिने बादली भरली. हाक मारली. अप्पांना मारली, अव्वाला मारली, मग गावातल्या येतील त्या नावांना. वर आभाळाचा थाळीएवढा तुकडा होता, तो पांढरा होता, मग पिवळा झाला, मग राखी. तिने भिंतीतल्या दगडांचे थर मोजले. एकतीस भरले. पुन्हा मोजले. हाका मारणं कधी थांबलं ते तिला आठवत नव्हतं. दिवे लागल्यावर तिला वर काढलं तेव्हा अप्पा नेहमीच्या आवाजात म्हणाले, “मोठ्यानं हाक मारायची की गं. मला काय कळणार?”

ते तिला पटलं होतं. तेरा वर्षं पटलेलं होतं. वर माणसं होती, घर होतं, दुकान होतं. फक्त तिचा आवाज पुरला नाही.

पुढे अप्पांनीच तिला नांदेडला कॉलेजात घातलं. लेक सायन्स शिकते म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून पुरलं. चार माणसांनी त्यांना खड्ड्यात उतरवलं, किती सांभाळून, कुठे धक्का लागू न देता, गळ्यात लिंग तसंच ठेवून. महानंदा बाभळीखाली उभी होती. तिला रडू आलं नाही. तिच्या मनात एवढंच आलं की यांचं लिंग कुणी काढून घेतलं नाही. या विचाराची तिला आठवडाभर लाज वाटत राहिली.

शरणम्माने पूजा आवरली. दोघी जेवायला बसल्या.

“उद्या मला विहिरीवर जायचंय,” महानंदा म्हणाली.

अव्वाचा हात भाकरीवर थांबला. “तो केरबा जातो ना?”

“तो जात नव्हता.”

शरणम्माने खाली पाहून भाकरीचा तुकडा केला, तो आमटीत बुडवला आणि तसाच ताटात ठेवला.

“अव्वा, लिंग काढून तू कुठं ठेवायचीस?”

हे तेरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं गेलं. अव्वाने ‘कधी’ असं विचारलं नाही.

“माझ्याच गळ्यात,” ती म्हणाली. “माझं आणि तुझं. दोन्ही घालून चुलीपुढं बसायची. तू वर येईस्तोवर तोंडात पाण्याचा थेंब घेत नव्हते.”

“मला कुठं माहीत होतं.”

“तुला काय सांगायचं? ल्हान होतीस.”

महानंदाने पाण्याचा तांब्या जवळ ओढला, पण ओतलं नाही. “तुझा उपास मला खाली कळत नव्हता, अव्वा.”

बाहेर गल्लीत कुणीतरी टँकर आला का म्हणून विचारत होतं, कुणीतरी नाही म्हणून सांगत होतं.

“त्या दिवशी अप्पा म्हणाले, मोठ्यानं हाक मारायची होती.”

“खोल होता आड,” शरणम्मा म्हणाली. तिने ताट उचललं. जेवण अर्धंच झालं होतं.

झोपण्याआधी महानंदा म्हणाली, “उद्या तू पण चल.”

“मी येऊन काय करू? मला कुठं येतंय तुमचं ते.”

“काही करू नको. काठावर बस.”

शरणम्मा वळकटी सोडत होती. तिने ती पूर्ण सोडली, चादर दोनदा झटकली.

“बसते,” ती म्हणाली.

*

बर्फाच्या कारखान्यातून थर्मासात बर्फ भरून घेऊन जीप निघाली तेव्हा ऊन लागलं होतं. शरणम्मा मागच्या बाकावर पदर डोक्यावरून घेऊन बसली होती. केरबाने दोन्ही गुडघ्यांवर फडकी बांधली होती.

“आज्जी, तुमी बी नमुना घ्यायला का?” त्याने विचारलं.

“मीच नमुना,” शरणम्मा म्हणाली. ड्रायव्हर हसला. महानंदाही थोडी हसली.

पहिल्या गावात पायऱ्यांची विहीर होती. केरबा खाली उतरून नमुना घेऊन आला. महानंदा दहा पावलांवर पेन्सिल आणि थर्मास घेऊन उभी होती. दुसऱ्या गावी कप्पी होती. कप्पीचा कुईकुई आवाज झाला तेव्हा तिच्या काखा घामाने ओल्या झाल्या आणि डोळ्यांपुढचं शेत सपाट, चित्रासारखं दिसायला लागलं. हे तिला ओळखीचं होतं. अशा वेळी ती मोजायची. बांधावरची बाभळीची झाडं तिने मोजली. सात होती. केरबाने बाटली आणून दिली, तिने चिठ्ठी लिहिली. अक्षर नेहमीसारखं होतं.

तिसऱ्या विहिरीवर तिने काचेचा टक्क असा आवाज ऐकला.

“लागली का भिंतीला?”

“लागली,” केरबा म्हणाला. “खोटं कशाला बोलू. एक टवका उडाला.”

तो नमुना ओतून टाकावा लागला. पाचवी बाटली तिथे गेली. त्यावेळी केरबाने दोन्ही हातांनी दोरी धरली आणि नमुना नीट आला, पण बाटली वर आल्यावर त्याचे हात दिसण्याइतके कापत होते.

माळेवाडीला पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. विहीर गावाबाहेर, एका म्हाताऱ्या कडुलिंबाजवळ. महानंदाने जीपमधूनच पाहिलं. अरुंद. दगडी. गोल. कठडा गुडघ्याएवढा. घागरी घेऊन आठदहा बाया रांगेत होत्या. पोहऱ्याने पाणी हलू नये म्हणून केरबाने त्यांना थोडा वेळ लिंबाखाली थांबायला सांगितलं.

“एवढुशी बाटली भरायला जीप लागती व्हय?” त्यांतली एक म्हणाली. पुढे कळलं तिचं नाव पंचफुलाबाई. “आमच्या घागरीला कुणी बैलगाडीबी देत न्हाई.”

“पाणी चांगलं हाय का ते बघून राहिलेत,” केरबा म्हणाला.

“चांगलं नसलं तर काय पिऊ मग? तुमची बाटली?”

बाया हसल्या. केरबा जीपजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “म्याडम, एकच बाटली राहिली. माझा हात असा कापून राहिलाय. आन ही विहीर लई अरुंद हाय. ही फुटली तर मग मला बोलू नका.”

तो खरं सांगत होता. ही बाटली फुटली तर परत लातूर, परत वाफ, आणि परवा जीप नाही. साहेब बासष्टवर सही करतील. सोमवारी टँकर लागेल.

महानंदा खाली उतरली. साबणाने हात धुतले, केरबाने वरून पाणी घातलं. स्वच्छ दोरी घेतली, बाटलीखाली लोखंडाचा वजनी तुकडा बांधला. गाठ मारून झाल्यावर तिने ती पाहिली. अप्पांची गाठ होती. पुडीची. तिला दुसरी येतच नव्हती. ओढून पाहिली, पक्की होती, आणि तिने ती तशीच ठेवली.

शरणम्मा विचारल्याशिवाय जीपमधून उतरून आली आणि कठड्याला लागून बसली. विहिरीकडे पाठ करून नव्हे, तोंड करून.

दहा पावलं होती. महानंदा ती चालली. काठावर आल्यावर खालून ओला, थंड, लोखंडासारखा वास आला. नऊ वर्षांच्या मुलीला वर यायचं होतं आणि बावीस वर्षांच्या बाईला खाली बघायचं होतं. दोघी एकाच अंगात उभ्या होत्या. तिने कठड्याच्या दगडाला गुडघा टेकवला. दगड तापलेला होता. तो चटका बरा वाटला. चटका आजचा होता.

बुचावरचा कागद काढला, बूच उघडून दोन बोटांत धरलं आणि दोरी सोडायला सुरुवात केली.

बाटली हलकी होती. तरी दोरीतून सगळं कळत होतं. ती कधी फिरली, कधी डोलली, वारा कुठपर्यंत लागला, कुठून थांबला. भिंतीपासून दूर ठेवायचं असेल तर हात सारखा थोडा इकडे, थोडा तिकडे न्यावा लागत होता. एवढं लक्ष द्यावं लागतं, हे तिला माहीत नव्हतं. केरबाला ती वर्षभर फक्त ‘लागू देऊ नका’ म्हणत आली होती. दर हाताला ती एकेक थर खाली जाताना पाहत होती, पण मोजत नव्हती. हे तिच्या नंतर लक्षात आलं.

बाटली पाण्याला टेकली. तिने दोरी सैल सोडली, बाटली कलली, बुडाली.

आणि मग आवाज आला. बाटलीतली हवा बाहेर पडत होती. बुडूक, बुडूक, बुडूक. एवढ्याशा बाटलीच्या तोंडातून निघणारे बोटाच्या पेराएवढे बुडबुडे. पण तो आवाज भिंतींना धरून वर आला आणि तिच्या कानाशी कुणी बोलावं तसा ऐकू आला. एकेक वेगळा. लिंबाखालच्या बायांपैकी एक म्हणाली, “प्यायली बघा बाटली.” म्हणजे त्यांनाही ऐकू गेला होता, पंधरा पावलांवर.

महानंदा दोरी धरून तशीच उभी राहिली.

तिला अरुंद नळीत आवाज कसा चालतो हे माहीत होतं. नांदेडच्या कॉलेजात तिने त्यावर प्रयोग केला होता, त्यात तिला सर्वांत जास्त गुण होते. तो प्रयोग आणि आड ही दोन पानं तिने कधी शेजारी ठेवली नव्हती. बुडबुड्यांचा आवाज पंधरा पावलं जात असेल, तर नऊ वर्षांच्या मुलीचा, पूर्ण गळ्यातून काढलेला आवाज किती जाईल. दुकान तीस पावलांवर होतं. चूल दहा.

बुडबुडे थांबले. बाटली भरली. तिने दोरी ओढायला घेतली, हात हात, सावकाश.

“येत होतं ऐकू,” शरणम्मा म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. महानंदाचे हात थांबले नाहीत.

“सगळं ऐकू येत होतं. माझं नाव घेत होतीस ते. मग त्या शांतम्माचं घेतलंस, ती तर तेव्हा गावातबी नव्हती. मी रेशनच्या मिलोचं पीठ मळत बसले. ते म्हणाले होते, मधे पडू नको, रडून सवय होईल. मी ते पीठ इतकं मळलं की त्याची भाकरीच झाली नाही.” ती थांबली. “नंदा.”

बाटली अर्ध्यावर आली होती. डावीकडे एक दगड पुढे आलेला होता. महानंदाने हात उजवीकडे नेला.

“नंदा,” शरणम्मा पुन्हा म्हणाली.

तिच्या घशात ओ तयार होती. तिला ती जिभेवर जाणवली, जुन्या, वापरून झिजलेल्या नाण्यासारखी. केरबाने तिच्याकडे वळून पाहिलं, कारण असं कधी झालं नव्हतं. ओ आली नाही. दोराला हिसका बसला नाही. बाटली दगडाच्या पुढून, न लागता, वर आली.

तिने बाटली काठावर घेतली, वरचं थोडं पाणी ओतून हवेला जागा ठेवली, बूच बसवलं, कागद लावला, गाठ मारली. पेन्सिलने चिठ्ठीवर गाव, विहीर, वार आणि वेळ लिहिली. ‘नमुना कोणी घेतला’ या शब्दांपुढे नाव लिहिलं. बाटली थर्मासात बर्फात खोचून झाकण फिरवलं. मग ती वळली.

“ऐकलं मी, अव्वा,” ती म्हणाली. “काम करत होते.”

“बरं,” शरणम्मा म्हणाली. तिचे डोळे ओले नव्हते. ती फार थकलेली दिसत होती, जशी महानंदा तिला रोज पाहायची आणि थकलेली म्हणून कधी पाहत नव्हती तशी. “मला वाटलं, बोलणार नाहीस.”

“आज बोलणार नाही याच्यावर. आणखी एखादे दिवशी बोलेन. पुष्कळ बोलेन.”

“बोल. मी आहे.”

महानंदा तिच्या शेजारी कठड्याला टेकून बसली. खांदे दुखत होते. दोन्ही तळहातांवर दोरीचे बारीक लाल वळ उठले होते. विहीर पाठीमागे होती आणि तिचा गारवा मानेला लागत होता. तिला बरं वाटत नव्हतं, हलकंही वाटत नव्हतं. फक्त एक आकडा दुरुस्त झाला होता, आणि आता मागची सगळी पानं पुन्हा तपासावी लागणार होती. त्याला वर्षं लागतील हे तिला दिसत होतं. पण सुरुवातीचा आकडा बरोबर होता. आवाज पुरला होता.

बायांनी पोहरा सोडला. कप्पी कुरकुरली. तिच्या काखा आवळल्या, मग जरा वेळाने सुटल्या.

“काय निघालं मग?” पंचफुलाबाईने विचारलं.

“दोन दिवसांनी सांगते. तोवर उकळून प्या.”

“उकळायला लाकूड पाठवता का जीपमधून?”

“लाकडाचं खातं वेगळं हाय,” केरबा म्हणाला.

शरणम्माने पिशवीतून घरून आणलेल्या पाण्याचा तांब्या काढला, पेला भरून लेकीला दिला. महानंदाने तो हातात धरला. ती नेहमी अर्धाच पेला प्यायची, उरलेलं ठेवायची. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

“म्याडम,” केरबाने जीपजवळून हाक मारली. “ओ म्याडम. बर्फ वितळून राहिला.”

तिने ऐकलं. पेला तोंडाला लावला आणि हळूहळू, तळ दिसेपर्यंत प्यायली. पेला पालथा करून अव्वाच्या हातात दिला. पदराने तोंड पुसलं.

“आले,” ती म्हणाली.